वीज वाहणारे प्लास्टिक आणि नागपूरचे ऊन

मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात एक दिवस असा येतो, की नागपुरात दुपारी बाराच्या सुमारास सरळ उभ्या खांबाची सावली जवळजवळ नाहीशी होते. शहर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे त्या दिवशी सूर्य अगदी माथ्यावर असतो आणि साधारण त्याच सुमारास नवतपाही, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. घरोघरी कूलर रात्रंदिवस चालतात, पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, आणि छतावर सौर पॅनेल बसवलेल्या माणसाला साहजिकच वाटते की वर्षातली सर्वांत जास्त वीज आता मिळणार. ही अपेक्षा पुरी होत नाही, कारण सिलिकॉनच्या पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. पॅनेलच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवर जी क्षमता छापलेली असते, ती २५ अंश तापमानाला मोजलेली असते. तापमान त्यापुढे एकेक अंशाने वाढत गेले की उत्पादन प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. नागपूरच्या दुपारी पॅनेलचा पृष्ठभाग सहज ७० अंशांपर्यंत तापतो. म्हणजे ४५ अंशांचा फरक, आणि उत्पादनात सुमारे १६ टक्क्यांची घट.

याच घटीकडे बोट दाखवून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. चांगल्या पॅनेलवर पडलेल्या उन्हापैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याची वीज होते आणि उरलेल्या ऊर्जेचा बहुतांश भाग उष्णता बनून वाया जातो. मग ही उष्णताही पकडून तिची वीज का करू नये? गेल्या काही वर्षांत ‘ऊन आणि उष्णता दोन्हींपासून वीज देणारा लवचीक पापुद्रा’ अशा मथळ्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांच्या मुळाशी बहुधा एकाच वर्गातले पदार्थ असतात. ते म्हणजे वीज वाहणारी पॉलिमरे. हे पदार्थ खरोखर विलक्षण आहेत. मात्र ते सौरघटात एक काम करतात आणि उष्णतेच्या बाबतीत दुसरेच, आणि या दोन कामांच्या गरजा काही ठिकाणी एकमेकींच्या विरुद्ध जातात. बातम्यांमध्ये नेमका हाच भाग गाळला जातो, म्हणून तो येथे थोडा सविस्तर मांडला आहे.

प्लास्टिकमधून वीज वाहते कशी

प्लास्टिक म्हणजे विद्युतरोधक, हे आपण विजेच्या तारेवरच्या वेष्टनामुळे लहानपणापासून जाणतो. पॉलिथिनसारख्या प्लास्टिकच्या लांब साखळीत कार्बनचे अणू एकेरी बंधांनी जोडलेले असतात आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या बंधात अडकून पडलेला असतो. काही पॉलिमरांत मात्र साखळीवर एकेरी आणि दुहेरी बंध आळीपाळीने येतात. अशा साखळीतील काही इलेक्ट्रॉन कोणत्याही एका बंधाचे राहत नाहीत, ते साखळीच्या मोठ्या लांबीवर पसरलेले असतात. तरीही एवढ्याने वीज वाहत नाही, कारण सगळ्या जागा भरलेल्या असल्याने इलेक्ट्रॉनांना पुढे सरकायला मोकळी जागा नसते. साखळीतून काही इलेक्ट्रॉन रासायनिक मार्गाने काढून घेतले, तर त्या रिकाम्या जागा धन प्रभाराप्रमाणे साखळीवरून फिरू लागतात आणि वीज वाहते. या प्रक्रियेला डोपिंग म्हणतात.

या शोधामागची हकिगत प्रसिद्ध आहे. १९६७ मध्ये टोकियोतील हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत पॉलिॲसिटिलीन तयार करताना उत्प्रेरक नेहमीपेक्षा सुमारे हजारपट अधिक पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चंदेरी चमक असलेला पापुद्रा हाती आला. पुढे अमेरिकेतील ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांच्यासह त्यांनी त्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली, तेव्हा त्याची विद्युतवाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. हे काम १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पॉलिॲसिटिलीन स्वतः मात्र व्यवहारात फारसे उपयोगी पडले नाही, कारण हवा लागताच ते खराब होऊ लागते.

व्यवहारात टिकले ते दुसरेच पॉलिमर. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत पेडॉट हे पॉलिमर तयार झाले. हवेत स्थिर राहणारे, पातळ थरात जवळजवळ पारदर्शक दिसणारे हे पॉलिमर पाण्यात विरघळत नव्हते, त्यामुळे त्याचा थर देणे अवघड होते. त्याला पॉलिस्टायरिन सल्फोनेट, म्हणजेच पीएसएस, या दुसऱ्या पॉलिमराची जोड दिल्यावर ते पाण्यात बारीक कणांच्या रूपाने पसरून राहू लागले. पीएसएसवरील ऋण प्रभार पेडॉटवरील धन प्रभाराला सांभाळतो आणि हाती येते ती गडद निळी, पातळ, आम्लधर्मी शाई. तिचा पहिला मोठा उपयोग वीजनिर्मितीत झालाच नाही. छायाचित्रणाच्या फिल्मवर घर्षणाने साठणारा विद्युतप्रभार ठिणगी टाकून फिल्म खराब करू नये, म्हणून तिचा पातळ हात दिला जाई. आजही संगणकाच्या मदरबोर्डवरील अनेक कपॅसिटरांत पेडॉट असते. आपण ते रोज वापरतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

या शाईत एक अंगभूत अडचण आहे. पीएसएसमुळे शाई पाण्यात राहते, पण पीएसएस स्वतः वीज वाहत नाही. थर वाळला की पेडॉटच्या छोट्या वाहक बेटांभोवती पीएसएसचे रोधक कवच उरते. प्रभाराचा प्रवास एका साखळीवरून झपाट्याने होतो, पण एका साखळीवरून दुसरीवर जाताना त्याला उडी मारावी लागते. नागपूर मेट्रोने खापरीहून प्रजापती नगरला जायचे तर सीताबर्डीला उतरून गाडी बदलावीच लागते आणि प्रवासाचा एकूण वेळ धावत्या गाडीच्या वेगापेक्षा त्या बदलावर अधिक ठरतो. पॉलिमराची वाहकताही अशीच साखळीच्या आतल्या वेगापेक्षा साखळ्यांमधल्या उड्यांवर ठरते. त्यामुळे मूळ शाईच्या वाळलेल्या थराची वाहकता एक सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्याही (हे वाहकता मोजायचे एकक) खाली असू शकते. याच शाईत थोडे इथिलीन ग्लायकॉल किंवा डायमिथाइल सल्फॉक्साइड मिसळले, की साखळ्या सरळ होऊन एकमेकींच्या जवळ येतात, पीएसएस बाजूला सरकते आणि वाहकता शेकडो पटींनी वाढून हजाराच्या घरात जाते. थर तीव्र सल्फ्युरिक आम्लात बुडवून धुतला तर प्रयोगशाळेत ती चार हजारांच्याही वर गेली आहे. पदार्थ तोच, फक्त अनावश्यक भाग धुऊन काढलेला आणि साखळ्या नीट लावलेल्या. या क्षेत्रातील प्रगतीचा मोठा भाग नव्या रेणूंच्या शोधापेक्षा अशा ‘निगुतीच्या’ कामातून आला आहे, असे माझे मत आहे.

काचेऐवजी वाकणारा इलेक्ट्रोड

कोणत्याही सौरघटाला दोन इलेक्ट्रोड लागतात. मधल्या थरात प्रकाशामुळे सुटे झालेले प्रभार गोळा करून बाहेरच्या तारेपर्यंत पोचवणे हे त्यांचे काम. सिलिकॉनच्या पॅनेलवर दिसणाऱ्या चंदेरी रेषा म्हणजे पुढचा इलेक्ट्रोडच होय. पातळ थरांच्या सौरघटांत, विशेषतः सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रेणूंपासून बनवलेल्या, सौरघटांत मधला पदार्थ प्रभाराला आडवा फार लांब वाहून नेऊ शकत नाही. म्हणून पुढचा इलेक्ट्रोड पूर्ण पृष्ठभागावर पसरलेला असावा लागतो. तो प्रकाश आत सोडणारा आणि वीज वाहणारा, असा दोन्ही गुणांचा हवा. हे काम आजवर इंडियम टिन ऑक्साइड करीत आले आहे. मोबाइलच्या टचस्क्रीनवरही तेच असते. त्याची वाहकता दहा हजार सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास जाऊ शकते, आणि अजून कोणत्याही पॉलिमरने या पदार्थाला सर्व बाबतींत मागे टाकलेले नाही. पण ते एक प्रकारचे ठिसूळ सिरॅमिक आहे, ते निर्वात कक्षात चढवावे लागते आणि त्यातील इंडियम मुख्यतः जस्ताच्या उत्पादनातील उपपदार्थ म्हणून मिळत असल्याने मागणी वाढली म्हणून पुरवठा वाढतोच असे नाही.

ठिसूळपणा म्हणजे नेमके काय, हे एका छोट्या हिशेबातून दिसते. १०० मायक्रॉन, म्हणजे एक दशांश मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची पट्टी एखाद्या कांडीभोवती वाकवली, तर तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पडणारा ताण साधारणपणे जाडीला वक्रतेच्या त्रिज्येच्या दुपटीने भागून मिळतो. ५ मिलिमीटर त्रिज्येच्या कांडीवर तो एक टक्का येतो आणि इंडियम टिन ऑक्साइड तो निभावून नेते. २ मिलिमीटर त्रिज्येवर तोच ताण अडीच टक्के होतो आणि थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडू लागतात. पट्टी सरळ केल्यावर वरवर सगळे जसेच्या तसे दिसते, पण रोध मोजला तर तो कितीतरी पटींनी वाढलेला आढळतो, आणि प्रत्येक वाकवण्यागणिक वाढतच जातो. योग्य मिश्रणे घातलेला पेडॉटचा थर याहून बराच अधिक ताण सोसतो आणि तो चढवायला निर्वात कक्ष लागत नाही. छपाई, फवारणी किंवा रिळावरून सरकणाऱ्या फिल्मवर पात्याने थर ओढणे, अशा रंगकामाशी नाते सांगणाऱ्या पद्धती पुरतात. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये नागपुरात उभ्या राहिलेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तेले, रंग आणि पॉलिमर यांचे जे शिक्षण दिले जात आले आहे, त्या विद्येच्या जवळचा हा विषय आहे. सिलिकॉनच्या कारखान्याशी त्याचे नाते त्यामानाने दूरचे.

मग पॉलिमरची अडचण कुठे आहे? ती आकारात आहे. इलेक्ट्रोड पारदर्शक ठेवायचा तर तो पातळ हवा, साधारण १०० नॅनोमीटरचा. आणि पातळ थराचा रोध अधिक. वाहकता हजार असलेल्या १०० नॅनोमीटर थराच्या कोणत्याही चौरस तुकड्याचा रोध १०० ओहम भरतो, चौरस लहान असो की मोठा. इंडियम टिन ऑक्साइडच्या चांगल्या थराचा हाच आकडा दहा ते पंधरा ओहम असतो. आता असे समजा की सौरघटाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून २५ मिलिअँपिअर प्रवाह येतो आणि व्होल्टेज ०.८ आहे. गोळा झालेला प्रवाह एक सेंटिमीटर आडवा नेऊन कडेच्या धातूच्या पट्टीत सोडायचा तर १०० ओहमच्या थरात होणारा तोटा सौरघट देऊ शकेल तेवढ्या एकूण शक्तीइतकाच भरतो. म्हणजे सौरघट व्यवहारात निकामी. पट्टीची रुंदी निम्मी केली की तोटा चौथाई होतो, आणि आम्लाने धुतलेला २५ ओहमचा थर वापरला की आणखी चौथाई. मग तो सहा-सात टक्क्यांवर येतो. प्रयोगशाळेतून जाहीर होणारे उच्चांकी कार्यक्षमतेचे सेंद्रिय सौरघट नखापेक्षाही लहान का असतात, याचे एक उत्तर तोटा रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, या नियमात आहे. सेंद्रिय सौरघटांची कार्यक्षमता १९८६ मध्ये चिंग टँग यांनी दाखवलेल्या सुमारे एक टक्क्यापासून आज प्रयोगशाळेत १९ टक्क्यांच्या पुढे गेली आहे, ही मोठीच झेप आहे. परंतु वाचकाने टक्केवारीच्या शेजारी क्षेत्रफळाचा आकडाही शोधावा. मोठ्या क्षेत्रासाठी आता पेडॉटच्या खाली चांदीच्या अतिसूक्ष्म तारांची जाळी किंवा छापलेल्या धातूच्या रेषा देतात. तेथे धातू लांबचा प्रवास सांभाळतो आणि पॉलिमर रेषांमधली जागा भरून काढते.

उष्णतेचा हिशेब

आता दुसरे काम. १८२१ मध्ये थॉमस योहान सीबेक यांना असे आढळले की दोन वेगवेगळ्या धातूंची वेटोळी जोडून एक सांधा तापवला की जवळची चुंबकसुई हलते. त्यांना तो चुंबकत्वाचा प्रकार वाटला. प्रत्यक्षात तापमानातील फरकामुळे वीज वाहत होती. पदार्थाचे एक टोक गरम आणि दुसरे थंड असेल तर गरम टोकाकडचे प्रभार थंड टोकाकडे सरकतात आणि दोन टोकांत व्होल्टेज तयार होते. एका अंशाच्या फरकामागे मिळणारे व्होल्टेज म्हणजे सीबेक गुणांक. येथे पॉलिमर केवळ वीज गोळा करणारा इलेक्ट्रोड राहत नाही, वीज निर्माण करणारा पदार्थ तेच असते.

पेडॉटचा सीबेक गुणांक साधारण १५ ते २० मायक्रोव्होल्ट प्रति अंश एवढाच आहे. उष्णताविद्युत उपकरणांत रूढ असलेल्या बिस्मथ टेल्युराइडचा तो सुमारे २०० असतो. मग पॉलिमरचा विचार करायचाच कशाला? कारण पॉलिमर उष्णतेचा मंद वाहक आहे. उष्णतेपासून वीज मिळवायची तर गरम आणि थंड टोकांतला फरक टिकला पाहिजे, आणि तांब्यासारख्या पदार्थात तो टिकत नाही, उष्णता झटकन पलीकडे जाऊन दोन्ही टोके सारखी होतात. विजेला वाट द्यायची आणि उष्णतेला अडवायचे, असा पदार्थ हवा असतो. या सगळ्या गुणांची एकत्र मोजदाद करणारा एक आकडा आहे, त्याला झेडटी म्हणतात. बिस्मथ टेल्युराइडचा झेडटी नेहमीच्या तापमानाला एकच्या आसपास आहे. पेडॉटच्या बाबतीत स्वीडनमधील लिनशॉपिंग विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये ०.२५ आणि मिशिगन विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये ०.४२ एवढा आकडा दिला.

वर उल्लेखलेला विरोध येथे समोर येतो. सौरघटाच्या इलेक्ट्रोडसाठी जितके अधिक प्रभार तितके चांगले, कारण रोध घटतो. उष्णतेसाठी मात्र प्रभारांची संख्या वाढली की सीबेक गुणांक खाली येतो, आणि अंतिम शक्ती सीबेक गुणांकाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून सौरघटासाठी पूर्ण डोपिंग केलेला थर उष्णतेच्या कामी फारसा चांगला ठरत नाही. लिनशॉपिंगच्या गटाने मुद्दाम डोपिंग मोजूनमापून कमी करत नेऊन आपला आकडा मिळवला होता. तेव्हा ‘एकच थर दोन्ही कामे करतो’ असे जिथे लिहिलेले असेल तिथे बहुधा दोन्हींपैकी एका बाबतीत तडजोड केलेली असते.

आता हा हिशेब नागपूरच्या छतावर आणून पाहू. पॅनेल ७० अंशांवर, भोवतालची हवा ४५ अंशांवर. फरक २५ अंशांचा. या दोन तापमानांमध्ये चालणारे कोणतेही यंत्र, मग ते कितीही उत्तम असो, उष्णतेच्या सुमारे सात टक्क्यांहून अधिक भागाचे विजेत रूपांतर करू शकत नाही. हा निसर्गनियम आहे, त्यावर कारागिरीचा इलाज नाही. झेडटी ०.४२ असलेला पदार्थ त्या सात टक्क्यांपैकी जेमतेम अकरावा हिस्सा साधतो. म्हणजे एकूण कार्यक्षमता पाऊण टक्क्याहूनही कमी, आणि तीही सगळाच्या सगळा फरक पदार्थाच्या दोन टोकांमध्ये टिकला असे गृहीत धरून, जे प्रत्यक्षात कधीच घडत नाही. एका चौरस मीटरवर दुपारी सुमारे १००० वॅट ऊन पडते. पॅनेल गार असते तर २०० वॅट वीज मिळाली असती, तापल्यामुळे १६८ वॅट मिळते. मागल्या बाजूने बाहेर पडणारी उष्णता साडेतीनशे वॅटच्या आसपास धरली तर तिच्यातून पॉलिमर देईल दोन-अडीच वॅट. शिवाय पॅनेलच्या पाठीला उष्णता अडवणारा थर चिकटवल्याने पॅनेल आणखी तापेल; ते १० अंशांनी जरी अधिक तापले तरी सात वॅट गमावले जातात. दोन वॅट मिळवण्यासाठी सात वॅट सोडायचे, हा व्यवहार कोणी करणार नाही. छतावरच्या पॅनेलच्या बाबतीत उष्णतेची वीज करण्यापेक्षा पॅनेल आणि गच्ची यांच्यात वारा खेळेल एवढी फट ठेवणे अधिक फायद्याचे आहे, आणि त्याला कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही.

व्होल्टेजचाही एक प्रश्न आहे. २० मायक्रोव्होल्ट प्रति अंश आणि २५ अंशांचा फरक म्हणजे एका पट्टीमागे अर्धा मिलिव्होल्ट. पेन्सिल सेलएवढे दीड व्होल्ट मिळवायचे तर अशा ३००० पट्ट्या एकापुढे एक जोडाव्या लागतील. शिवाय १०० नॅनोमीटर जाडीच्या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांत तापमानाचा फरक जवळजवळ पडतच नाही. म्हणून उष्णता थराच्या लांबीने वाहील अशा रीतीने पट्ट्या छापून मग फिल्मची गुंडाळी किंवा घड्या कराव्या लागतात. तसे केले की पट्ट्यांच्या खालचे प्लास्टिकच उष्णतेला आडवाट देते आणि तिच्या वाहण्यात आपला हिस्सा घेऊन टाकते. धन प्रभाराच्या पट्टीला ऋण प्रभार वाहणाऱ्या पट्टीची जोड मिळाली तर व्होल्टेज वाढते, पण हवेत टिकणारी तशी पॉलिमरे फार काळ मिळत नव्हती. गेल्या काही वर्षांत ती उणीव भरून निघू लागली आहे.

दाव्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. दमट हवेत पीएसएस पाणी शोषून घेते आणि त्यातील हायड्रोजनचे आयनही गरम टोकाकडून थंड टोकाकडे सरकू लागतात. अशा वेळी मोजलेला सीबेक गुणांक कित्येक पटींनी मोठा दिसतो. परंतु आयन धातूच्या तारेतून बाहेर जाऊ शकत नाहीत. ते टोकाशी साचतात आणि थोड्याच वेळात प्रवाह थांबतो. एखादा कपॅसिटर तापमानातील चढउतारावर पुन्हा पुन्हा भारण्यासाठी हा परिणाम उपयोगी आहे, अखंड विजेसाठी नाही. नागपूरच्या हवेत मे महिन्यातली दुपार कोरडी ठणठणीत असते आणि जुलैत तीच हवा ओलीचिंब होते, तेव्हा एकच पट्टी या दोन महिन्यांत दोन वेगळे आकडे दाखवील. मोजमाप किती आर्द्रतेला केले, हे ज्या वृत्तान्तात लिहिलेले नाही त्यातील मोठ्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

उष्णता पकडण्याचा एक तिसरा मार्गही आहे आणि तेथे पॉलिमर इलेक्ट्रोड पुन्हा इलेक्ट्रोडच्याच भूमिकेत येतो. पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकमध्ये दाबाने वीज निर्माण होते, हे १९६९ मध्ये जपानच्या हेइजी कावाई यांनी दाखवले. तापमान बदलले तरीही त्यात वीज निर्माण होते. येथे दोन टोकांतील फरक लागत नाही, काळानुसार होणारा बदल लागतो. ढगाची सावली येते आणि जाते, वाऱ्याची झुळूक येते, पंख्याचे पाते ऊन अडवत फिरते, अशा वेळी फिल्म प्रवाहाचे छोटे हिसके देते. पेडॉटचा थर या फिल्मच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड म्हणून दिला तर फिल्म लवचीक राहते, आणि पेडॉट डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण चांगले शोषून घेत असल्याने ती उन्हात लवकर तापते. सौरघटात जो दोष ठरतो तोच येथे गुण होतो. शक्ती मात्र अगदी थोडी. तळहाताएवढ्या, १० सेंटिमीटर बाजूच्या चौरस फिल्मचे तापमान सेकंदाला एक अंशाने बदलत असेल तर प्रवाह सुमारे ०.३ मायक्रोअँपिअर मिळतो. व्होल्टेज चांगले असते, पण प्रवाह सूक्ष्म.

टिकेल का, आणि कुठे

टिकाऊपणाच्या बाबतीत नागपूरची हवा फार कठोर परीक्षक आहे. पॅनेलांची रूढ चाचणी ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास घेतली जाते, आणि सिलिकॉनचे पॅनेल काचेच्या आवरणामुळे ती पार पाडते. पेडॉटची शाई मुळात आम्लधर्मी आहे आणि पाणी शोषते. ओलावा आत शिरला की थर फुगतो, शेजारच्या थरांशी असलेली पकड सुटते, आणि खाली इंडियम टिन ऑक्साइड असेल तर आम्ल त्यालाही खाऊ लागते. लवचीकपणासाठी वापरली जाणारी नेहमीची पीईटी फिल्म ७० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते, आणि टिनाच्या छपरावर मे महिन्यात हे तापमान दूर नसते. याहून उष्णता सोसणारी प्लास्टिके आहेत, ओलावा रोखणारी अनेकपदरी आवरणेही आहेत, पण ती महाग आहेत. स्वस्त शाईचा फायदा आवरणाच्या किमतीत जिरून जाण्याचा धोका खरा आहे.

म्हणून या पदार्थाची जागा छतावर, सिलिकॉनच्या स्पर्धेत आहे असे मला वाटत नाही. जिथे काचेचे पॅनेल बसूच शकत नाही आणि गरज वॅटची नसून मिलिवॅटची आहे, तिथे ती आहे. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागेत मातीचा ओलावा मोजून दर तासाला एक आकडा पाठवणाऱ्या छोट्या उपकरणाला सरासरी काहीशे मायक्रोवॅट पुरतात, आणि खांबाभोवती गुंडाळलेला लवचीक सौरघट तेवढे ढगाळ दिवशीही देऊ शकतो. बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात ९० अंशांच्या गरम पाण्याचा नळ असेल तर त्याच्या गोल पृष्ठभागावर कडक सिरॅमिकचे उपकरण नीट टेकत नाही, मध्ये हवेची फट राहते आणि उष्णता तिथेच अडते. पॉलिमरची पट्टी मात्र नळाला बिलगून बसते. तिच्या दोन टोकांत २० अंशांचा फरक टिकला तर छापलेल्या ५०० पट्ट्या मिळून ०.२ व्होल्ट देतात. २० मिलिव्होल्टवरही चालू होणाऱ्या आणि व्होल्टेज वाढवून देणाऱ्या चिपा बाजारात मिळतात, त्यामुळे एवढ्या व्होल्टेजवर तापमान नोंदवणारा संवेदक चालवता येतो, आणि त्याची बॅटरी बदलायला कोणाला गरम नळांच्या मधून शिडी लावून चढावे लागत नाही.